आप्पांच्या अंगाची मोजणी

माणसानं स्वतःच्या शरीराचा नकाशा काढावा, त्यात तुकडे पाडून त्यांना नंबर द्यावेत आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण दाखवावा, असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईत, एकास पाच प्रमाणात. एका कागदावर पुढची बाजू, दुसऱ्यावर पाठीमागची. खाली सूची दिलेली. तांबड्या रेघा म्हणजे जळजळ, निळे ठिपके म्हणजे मुंग्या, हिरवी जाळी म्हणजे ठणका. उत्तरेला डोकं. मिरजेतल्या एका डॉक्टरांनी वैतागून विचारलं होतं, "अहो, माणसाला कसली आलीय उत्तर दिशा?" त्यावर आप्पा शांतपणे म्हणाले होते, "उत्तर दिशा दर्शविल्याशिवाय नकाशा ग्राह्य धरता येत नाही, डॉक्टरसाहेब."

आप्पा आमच्या भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, म्हणजे लोक ज्याला मोजणीवाला म्हणतात तो. डॉक्टर, कोर्ट आणि वरिष्ठ यांच्याशी ते कागदावरची मराठी बोलत आणि उरलेल्या जगाशी सांगलीकडची. "सदर वेदना उजव्या हाताच्या करंगळीत उद्भवली असून ती कोपरापर्यंत विस्तारलेली आहे," असं त्यांनी सुरू केलं की डॉक्टर म्हणायचे, "आजोबा, दुखतंय कुठं तेवढं सांगा." आप्पा नकाशा गुंडाळायचे. बाहेर आल्यावर मला म्हणायचे, "बघ गड्या, कागद न बघताच निकाल देतोय. असं आपण केलं असतं तर सस्पेंड झालो असतो."

मी खात्यात उशिरा लागलो. तिशी ओलांडलेली, आधी दोन खासगी नोकऱ्या करून झालेल्या, त्यामुळे आपल्याला जग कळतं असा माझा समज होता. पहिली नेमणूक वडूजला मिळाली आणि पहिल्याच मोजणीला आप्पांबरोबर पाठवलं. दोन चुलत भावांचा बांधावरून वाद होता. मोजणीच्या दिवशी दोन्हीकडून चहा येतो, पोहे येतात, ऊन फार असेल तर एखादा डोक्यावर छत्री धरतो. आप्पांनी पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली आणि मला सांगितलं, "आज ह्यांच्यातलं पाणी बी घ्यायचं न्हाई. ह्याचं प्यालास तर त्याला वाटतंय मोजणी फिरली, त्याचं प्यालास तर ह्याला. तहान लागली तर माझ्याकडं माग." दुपारी दोनपर्यंत आम्ही दोघांनी त्या एका बाटलीवर काढलं. माझं डोकं उठलं होतं. आप्पा मात्र बांधावर उकिडवे बसून शेजारच्या शेतकऱ्यांचे जबाब लिहून घेत होते. लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं, खाली 'वाचून दाखविले, बरोबर आहे' असं लिहायचं आणि सही नाहीतर अंगठा घ्यायचा, ही त्यांची पद्धत. ऐंशीच्या घरातली एक म्हातारी म्हणाली, "माझा कशाला घेतासा, मला काय कळतंय?"

"आवं मावशी, पन्नास वर्सं ह्या बांधावरनं येजा केलीया तुमी. तुमच्याइतकी हद्द कुणाला ठावं हाय?"

म्हातारीनं सांगितलेली खूण खरी निघाली. एका बोरीच्या बुडात हद्दीचा जुना दगड सापडला. तो दिसल्यावर आप्पांना झालेला आनंद मी पुढं त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नाही.

त्यांची काही ठरलेली वाक्यं होती. "जमीन खोटं बोलत न्हाई. माणूस बी एवढा खोटं बोलत न्हाई. आपुनच टेप ढिली धरतो." आणि दुसरं, जे मला तेव्हा निव्वळ सरकारी वाटायचं, "अर्ज आल्याबिगर मोजणी न्हाई." म्हणजे कुणी तक्रार केली, अर्ज दिला, तरच आपण त्या रानात पाय ठेवायचा. ज्याची तक्रार नाही त्याची हद्द आहे तशी धरायची. नकाशावर तो तुकडा कोरा सोडायचा. आम्ही सगळे असेच काम करतो. त्यात चुकीचं काही आहे असं मला आजही म्हणता येणार नाही.

आप्पांचं अक्षर खात्यात प्रसिद्ध होतं. नवी यंत्रं आली, आकाशातल्या उपग्रहांना विचारून जागा सांगणारी काठी आली, तरी कच्चा नकाशा ते हातानंच काढत. गावाचं नाव लिहिताना असं लिहीत की ज्यांचं आयुष्य त्या गावात गेलं त्यांनाही आपलं गाव देखणं वाटावं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना म्हसवडजवळच्या एका माळावर त्यांच्या हातून पेन्सिल पडली. मी उचलून दिली. थोड्या वेळानं पुन्हा पडली. त्यांनी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चोळलं आणि म्हणाले, "ही दोघं झोपल्याती बघ." आम्ही हसलो. संध्याकाळपर्यंत जाग येईल म्हणालो.

ती बोटं जागी झाली नाहीत. पुढची सहा वर्षं आप्पा त्यांचं कारण शोधत फिरले.

सुरुवात नेहमीसारखी झाली. कुणी मानेच्या मणक्याचं सांगितलं आणि गळ्यात पट्टा आला. कुणी साखर तपासली, ती त्यांना नव्हतीच. कुणी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. फोटो काढले, रक्त काढलं, नसांतून वीज सोडून पाहिली. एका ठिकाणी नस थोडी मंद चालतेय असं निघालं आणि "वयोमानानं होतं" असं उत्तर मिळालं. बाकी सगळं नॉर्मल. मग हाताला जळजळ सुरू झाली, कोपरात कळ येऊ लागली, उजवा पायही कधीमधी मुंग्या मारायला लागला. दर वेळी नवा डॉक्टर, नवी फाईल आणि शेवटी तोच शब्द.

आप्पांनी त्याच सुमारास तो नकाशा काढला आणि एक जबाबाची वही घातली. डॉक्टर जे बोलेल ते तिथल्या तिथं लिहून घ्यायचं, मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि म्हणायचं, "बरोबर असल्यास सही करावी." काही डॉक्टर हसून सही करत. एका वयस्क डॉक्टरांनी वही हातात घेऊन आधीचे सगळे जबाब वाचले, आणि "हे सगळे एकमेकांच्या विरुद्ध आहेत हो," असं म्हणून पुढं स्वतःचाही एक विरुद्ध जबाब लिहून दिला. एकानं मात्र वही टेबलावरून सरकवून दिली. म्हणाला, "मी काय आरोपी आहे का?" आप्पा उठले, वही उचलली आणि त्यातच लिहिलं, 'सही करण्यास नकार दिला.' आमच्या कामात तशी नोंद घ्यावीच लागते.

जिल्हाभर मोजण्या केलेल्या असल्यामुळं प्रत्येक तालुक्यात त्यांच्या ओळखी होत्या आणि प्रत्येक ओळखीच्या माणसाला एक उपाय ठाऊक होता. पाटणकडच्या डोंगरात एक जण नाडी बघून सांगतो म्हणून आम्ही एसटीनं गेलो. मी गेलो ते खरं म्हणजे मजा बघायला. त्या गृहस्थानं आप्पांचं मनगट धरलं, बराच वेळ डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "तुमी कुणाची तरी जमीन दुसऱ्याच्या नावावर घातलीया. त्याचा तळतळाट हाय."

मला वाटलं आता आप्पा भडकणार. ते भडकले नाहीत. त्यांनी विचारलं, "कंच्या गावात? गट नंबर सांगता येईल का?" त्याला सांगता येईना. परतीच्या एसटीत मात्र ते बोटांवर गावं मोजत बसले. कराड आलं तेव्हा म्हणाले, "सगळ्या मोजण्या मनात तपासल्या रं. एका ठिकाणी तीन हाताचा फरक राहिला आसंल. दुष्काळातली मोजणी, खुणा न्हवत्या." दुखण्यानं त्यांना इतकं हलवलं होतं की तीस वर्षांच्या कामाबद्दल त्यांना शंका यायला लागली होती. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली. पण दुखण्यावर विश्वास बसला होता असं नाही.

ते मी कबूल करतो, कारण पुढं जे झालं त्यात माझा हात आहे. ऑफिसात आम्ही त्यांची भरपूर टिंगल करायचो. "आप्पांची हद्द काय कायम होईना," असा एक विनोद होता आणि तो मी केलेला होता. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं एकदा मला फोन करून विचारलं, "काका, तुम्ही आप्पांना जवळून बघता. खरं सांगा, त्यांना खरंच काही होतंय का?" मी म्हणालो, "माणूस निवृत्त होऊन एकदम रिकामा झालाय. मनाचं असेल." इतकं सहज म्हणालो की फोन ठेवल्यावर मी ते विसरूनही गेलो. मुलानं मात्र ते धरून ठेवलं आणि महिन्याभरानं आप्पांना सांगलीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं.

आप्पा गेले. नकाशाची गुंडाळी काखेत मारून गेले. आणि गंमत अशी की सहा वर्षांत त्यांचं सगळं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या एकाच डॉक्टरांनी ऐकलं. तास गेला. शेवटी त्यांनी जबाब दिला तो मी स्वतः वहीत वाचलाय. 'माझ्या मते मनाचा आजार नाही. दुखण्यामुळं माणूस त्रासलेला आहे. हाताची शक्ती कमी होत आहे, कारण शोधावे.' खाली सही, शिक्का. आप्पांनी त्याची झेरॉक्स काढून एक मुलाला आणि एक मला दिली. मला देताना काही बोलले नाहीत. मी फोनवर काय बोललो होतो ते त्यांना कळलं होतं, हे मला त्या न बोलण्यावरून समजलं.

फक्त एकदा त्यांनी मनातलं बोलून दाखवलं. कृष्णेच्या घाटावर बसलो होतो. त्यांना शेंगा सोलता येईनात. दाणा दोन बोटांतून निसटायचा. मी सोलून देत होतो. ते म्हणाले, "माझ्या सहीवर कोर्टानं निकाल दिल्यात. माझा नकाशा बघून लोकांनी बांध मागं घेतल्यात. आन् माझ्याच अंगात माझं काय दुखतंय हे सांगतोय, तर माझीच साक्ष कुणी धरंना. बरं हुईना तर न्हाई हुईना. नाव तरी सांगा म्हणावं." त्यांना औषधापेक्षा त्या नावाची भूक लागली होती. हात रोज थोडा थोडा जात होता आणि तो कशानं जातोय हे सांगणारं कुणी भेटत नव्हतं.

निवृत्तीनंतर आप्पा सांगलीतच राहत होते आणि माझी सासुरवाडीही सांगलीची. बदली साताऱ्याला झाल्यावरही सणावाराला सांगलीला गेलो की आप्पांकडं चक्कर व्हायची. एकदा गेलो तर त्यांच्या उजव्या हाताला, करंगळीच्या बाजूनं, मोठा भाजल्याचा डाग. आप्पांची बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "चहाचं पातेलं उतरवताना भाजलं. फोड आल्यावर यांना कळलं! लक्षच नसतं कशात."

मी आप्पांना म्हणालो, "मग हे नकाशात घ्या की."

"कशाला? ते दुखलंच न्हाई."

मला त्यांचं म्हणणं पटलं. पाठीचा कागदही मी त्या दिवशी पुन्हा पाहिला. उजव्या खांद्याखाली तळहाताएवढा तुकडा कोरा होता. सगळीकडं रेघा, ठिपके, जाळी आणि तिथं काहीच नाही. "हे राहिलंय का?" मी विचारलं. "राहिलं न्हाई. तिथं तक्रार न्हाई," आप्पा म्हणाले. काकू स्वयंपाकघरातून बोलल्या, "तिथं शिबं उठल्यासारखं पांढुरकं झालंय जरा. मी खोबरेल लावते अधनंमधनं." विषय तिथंच संपला. दोन मोजणीवाले नकाशावरचा कोरा तुकडा बघत बसलो होतो, आणि तक्रार नाही म्हणजे काही नाही असंच दोघांना वाटलं.

त्यानंतरच्या दिवाळीची गोष्ट. रविवारी सकाळी मी आप्पांच्या घरी बसलो होतो, तेव्हा फाटकावर आरोग्य खात्याच्या आशाताई आल्या. चाळिशीतल्या, खांद्याला पिशवी, हातात घरोघरी भरायचा तक्ता. अंगावर चट्टे आहेत का, कुठं बधिरपणा आहे का, याची पाहणी चालली होती. अशी पाहणी आली की लोक काय करतात ते मला माहीत आहे. साताऱ्यात माझ्या घरीही अशी पाहणी आली होती. दार अर्धवट उघडून "न्हाई बाई, आमच्यात कुणाला काय न्हाई," म्हणायचं आणि दार लावायचं. आशाताईंनाही तीच सवय झालेली असावी. त्या बाहेरूनच म्हणाल्या, "आजोबा, घरात कुणाला चट्टा-बिट्टा न्हाई न्हवं? न्हाई लिवते."

आप्पा ताडकन उठले. "बाई, असं कसं लिवता? न बघता न्हाई म्हणून लिवायचं नसतंय. आत या. मोजणीला आलेल्या माणसानं दारातनं परत जायचं न्हाई."

"आवं, बाप्ये लोकांना बघायला माझ्या जोडीचा माणूस असतोय. त्यो आज आला न्हाई. तुमी नुसतं तोंडानं सांगा की."

"तोंडी साक्ष चालत न्हाई," असं म्हणून आप्पांनी सदरा काढला, बनियन काढला आणि खुर्चीवर पाठ करून बसले. काकू लाजून आत गेल्या. आशाताईंना हसू आवरेना, पण त्या जवळ आल्या. पाठीवर नजर गेली आणि त्यांचं हसू थांबलं. तक्ता खाली ठेवून त्या मला म्हणाल्या, "दादा, पेन हाय का तुमच्याकडं? टोपण लावलेलं. मी सांगते तिथं हळूच टेकवा. आजोबा, तुमी डोळं झाका. पेन जिथं लागंल तिथं बोट दाखवायचं."

मी डाव्या खांद्यावर टेकवलं. आप्पांनी बरोबर हात नेला. मानेखाली टेकवलं. बरोबर. कमरेवर, बरोबर. मग आशाताईंनी बोटानं मला तो पांढुरका भाग दाखवला. मी टेकवलं. आप्पा स्वस्थ बसून. पुन्हा टेकवलं. जरा दाबून तिसऱ्यांदा टेकवलं.

"थांबलासा का?" आप्पा म्हणाले. "चालू द्या की."

आशाताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पेन अजून तिथंच धरलेलं होतं. आशाताई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आजोबा, दादांनी तीनदा टेकवलं."

आप्पांनी डोळे उघडले. वळून आधी माझ्या हातातल्या पेनाकडं पाहिलं आणि मग म्हणाले, "कंच्या तुकड्यात?" मी सांगितलं. ते उठले, आतून पाठीचा कागद आणला, टेबलावर पसरला आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "मी दुखतंय तेवढंच मोजत बसलो," ते म्हणाले. "जे दुखायचं बंद झालं त्याची नोंदच घेतली न्हाई. कुणी विचारलं बी न्हाई, आन् मी सांगितलं बी न्हाई." आशाताईंना यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी तक्त्यावर खूण केली आणि सोमवारी सरकारी दवाखान्यात यायला बजावलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पाठ पाहिली, भाजलेला डाग पाहिला, आणि कोपराच्या आतल्या बाजूला बोटांनी चाचपून म्हणाल्या, "ही नस केवढी जाड झालीय! हाताला लागते." दोन बोटं तिनंच झोपवली होती. कातडीचा तुकडा तपासायला गेला आणि नाव सापडलं. कुष्ठरोग. वर्षभर गोळ्या, त्या फुकट. आजार पूर्ण बरा होतो, औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण्याचा धोका राहत नाही. फक्त इतकी वर्षं गेलेली बोटं पूर्वीसारखी होतील याची खात्री नाही. हे सगळं त्यांनी आप्पांना माझ्यासमोर नीट समजावून सांगितलं, आणि वहीत सहीही केली.

काकूंनी मला बाजूला घेतलं. त्या जुन्या वळणाच्या. त्यांनी महारोग हा शब्द इतका हळू उच्चारला की मला तो ओठांवरून कळला. म्हणाल्या, "कुणाला सांगू नका हो. नसेचा आजार म्हणू आपण. मुलाच्या सासरी कळलं तर काय म्हणतील?" मी मान डोलावली. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, त्या पाहणीच्या रविवारीच, नुसत्या संशयानं, आप्पांच्या घरून सासुरवाडीला परतल्यावर मी साबणानं हात धुतले होते. एकदा धुतले, मग परत धुतले. अंगाला मी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं, लागलं होतं ते पेन. ते पेनही मी वाटेतल्या कचराकुंडीत टाकून आलो होतो.

आप्पांना काकूंचं म्हणणं मान्य नव्हतं. "सहा वर्सं गावभर सांगत फिरलो की मला काय झालंय कुणाला कळंना. आता कळलंय तर लपवू व्हय?" पण काकूंच्या डोळ्यांत पाणी बघून सांगलीत ते गप्प राहिले. त्याची भरपाई त्यांनी साताऱ्यात केली.

औषध सुरू होऊन तीन महिने झाले असतील. दुपारची वेळ, ऑफिसात जेवणं होऊन लोक आळसावलेले. आप्पा दारात उभे. अंगाचा रंग औषधानं जरा काळवंडलेला, चेहरा मात्र तुकतुकीत. हातात कंदी पेढ्यांचा मोठा बॉक्स. सातारकरांना साताऱ्यातच विकत घेतलेले पेढे वाटायला सांगलीहून आलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. जुनी मंडळी "या या आप्पा" म्हणत उठली. खुर्ची पुढं आली.

आप्पा बसले नाहीत. बॉक्स उघडून मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "सापडलं रं. सहा वर्सं तुमी माझी चेष्टा केलीसा, चेष्टा करायसारखा मी वागलो बी. पण आजार खरा हुता. कुष्ठरोग हाय मला. औषध चालू हाय. घ्या, तोंड गोड करा."

आप्पा पहिल्या टेबलाशी गेले. तिथला कारकून म्हणाला, "आप्पा, मला शुगर हाय." ती त्याला होती हे खरं. दुसऱ्या टेबलावरच्यालाही शुगर होती. तिसऱ्यानं आत्ताच जेवलोय म्हणून सांगितलं. चौथी बाई पेढा कागदात बांधून घेते म्हणाली, घरी मुलाला देते म्हणाली, आणि कागद शोधत ड्रॉवर उघडून बसली. आप्पा घाई न करता प्रत्येकासमोर थांबत होते. समोरच्याचं कारण पुरतं ऐकून घेत होते आणि मान हलवून पुढं सरकत होते. वही काढली नाही, एवढंच.

माझं टेबल शेवटचं. मी उठून उभा राहिलो होतो. आप्पांनी त्या न वळणाऱ्या दोन बोटांच्या हातानं एक पेढा उचलला आणि माझ्यापुढं धरला. डॉक्टरबाईंनी काय सांगितलं होतं ते मी स्वतःच्या कानानं ऐकलेलं होतं. या माणसाला सहा वर्षं कुणी खरं मानलं नाही आणि त्यात मी होतो, हेही मला ठाऊक होतं. तरी माझा हात निघाला आणि मधेच थांबला. फार नाही, क्षणभर. पण आयुष्यभर हातातल्या टेपकडं बघत आलेल्या माणसाच्या नजरेतून तेवढं अंतर सुटणार नव्हतं.

त्यांनी पेढा मागं घेतला नाही. आवाजही बदलला नाही.

"घे रं गड्या," आप्पा म्हणाले. "लागत न्हाई आता, डॉक्टरनं सही करून दिलंय. आन् समज लागलंच, तर तुझं लय बरं हाय. मला नाव शोधायला सहा वर्सं गेली. तुला फिरावं लागणार न्हाई. मी सांगीन की."

मी त्यांच्या बोटांतून पेढा घेतला आणि त्यांच्यासमोर खाल्ला. आप्पा माझ्याकडं बघत उभे होते. मग मी बॉक्समधून दुसराही घेतला.